गिरगोट्यांच्या वहीतले गणित

फोनवर बोलताना किंवा लांबलेल्या बैठकीत हात आपोआप गिरगोट्या काढू लागतो आणि तो कागद बहुधा केराच्या टोपलीत जातो. त्याऐवजी अशा स्वैर नक्षीसाठी एक कोरी चित्रवही ठेवली, तर काही पाने भरल्यावर ध्यानात येते की मनात काहीही न ठरवता काढलेल्या रेघासुद्धा काही नियम कधीच मोडत नाहीत. एका चित्रात दिसलेला नियम योगायोग वाटतो. पानोपानी तोच दिसू लागला की कारण शोधावेसे वाटते, आणि वहीचा खरा उपयोग मला यातच दिसतो.

पेन न उचलता, स्वतःला हवी तितक्या वेळा छेदणारी रेघ काढावी आणि सुरुवातीच्या बिंदूला आणून मिळवावी. पथ्ये दोनच: रेघेने स्वतःला नुसता स्पर्श न करता पूर्ण ओलांडावे आणि एकाच बिंदूतून तिसऱ्यांदा जाऊ नये. अशा आकृतीचे कप्पे दोनच रंगांत असे रंगवता येतात, की सामाईक कड असलेले कप्पे कधीही एका रंगाचे होत नाहीत. एरवी नकाशाला चार रंगही लागू शकतात, आणि चार नेहमी पुरतात हे सिद्ध करण्यासाठी १९७६ साली केनेथ अपेल आणि वुल्फगँग हाकेन यांना संगणक वापरावा लागला होता. इथे मात्र पेन्सिल पुरते. एखाद्या कप्प्यातून आकृतीबाहेर पडताना रेघ किती वेळा ओलांडावी लागते ते मोजावे. वाट बदलली तर संख्या बदलेल, पण सम असलेली समच आणि विषम असलेली विषमच राहील, कारण फिरून मूळ जागी येणारी कोणतीही वाट बंद रेघेला सम वेळाच ओलांडते. विषम कप्पे तेवढे रंगवले की काम झाले.

मोजणीचीही एक गंमत आहे. बाहेरची मोकळी जागा एक कप्पा धरली, तर कप्पे छेदबिंदूंपेक्षा नेहमी दोनने जास्त भरतात. सात छेद असतील तर नऊ कप्पे. हे गणितज्ञ लेओनहार्ड ऑयलरच्या प्रसिद्ध सूत्रातून निघते. ते सांगते, की छेद आणि कप्पे यांची बेरीज छेदांमधल्या रेघेच्या तुकड्यांपेक्षा दोनने जास्त असते. इथे प्रत्येक छेदातून चार फाटे फुटतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन टोके असतात, म्हणून तुकडे छेदांच्या दुप्पट होतात.

याहून सुंदर गोष्ट गाठींची. रेघ म्हणजे दोरी मानून तिच्यावरून प्रवास करताना पहिल्या छेदावर ती वरून, दुसऱ्यावर खालून, अशी आळीपाळीने दाखवत गेले, तर त्याच छेदावर परत आल्यावर कधीही घोटाळा होत नाही. चटईच्या विणीसारखे चित्र आपोआप जुळून येते. एका छेदापासून निघून तिथेच परत येईपर्यंत मधल्या छेदांवरून आपण सम वेळाच जातो, हे त्याचे कारण.

अशा गाठींच्या याद्या स्कॉटलंडचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८७०च्या दशकात हाताने केल्या. नुसता पीळ उलटवून नाहीसा होणारा एकही छेद नसलेली आळीपाळीची आकृती त्याहून कमी छेदांत मांडताच येत नाही, हा त्यांचा अंदाज सिद्ध व्हायला १९८०चे दशक उजाडावे लागले. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ बहुधा ठिपके जोडते, तर तमिळ रांगोळीच्या, म्हणजे कोलमच्या, एका प्रकारात ती ठिपक्यांना वळसे घालत बंद होते. त्यामुळे हे प्रयोग करून पाहायला तो प्रकार जास्त सोयीचा. रेघेचे टोक एखाद्या कप्प्यात मोकळे सोडून मात्र दोन रंगांचा नियम लावून पाहावा: शेवटच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना एकच कप्पा येतो आणि नियम तिथेच मोडतो.