वय झालं की मेंदू शिकत नाही?

"पंचविशीनंतर मेंदूत नवी पेशी बनत नाही, म्हणून उतारवयात नवं शिकता येत नाही" हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. यात दोन प्रश्न एकत्र मिसळलेत.

प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी जोडलेल्या भागात, नव्या चेतापेशी १९९८ मध्ये आढळल्या. २०१८ च्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध निघाले. तो वाद खराच आहे.

पण शिकणं त्यावर अडत नाही. ते मुख्यतः जुन्याच पेशींमधल्या जोडण्यांवर, म्हणजे सायनॅप्सवर घडतं. तिथली प्रथिनं मोडतात, नवी बनतात, वापरातली जोडणी बळकट होते. हे म्हातारपणीही चालतं.

मालवणच्या बाजारात साठीपुढच्या मासेवाल्या मावश्या मोबाइलवर पैसे जमा झाले का बघतात, हे सहज दिसेल. घरी पडताळायचं तर आजीला अनोळखी आरतीचं एक कडवं शिकवा, रात्रीची झोप होऊ द्या, सकाळी विचारा. वेळ जास्त लागेल, तेवढं मान्य.