कुमाऊंची चिडाची जंगलं, नद्यांची खोरी आणि सायकलवाल्यांच्या वाट्याला आलेले रस्ते

उत्तराखंडच्या पूर्वेकडच्या कुमाऊं भागात काठगोदामला उतरायचं, तिथून अल्मोडा, पुढे बागेश्वर किंवा बेरीनाग, हा प्लॅन हल्ली पुण्या-नाशिकच्या सायकल ग्रुपांमध्ये बऱ्यापैकी फिरतो. मनाली-लेह करून झालं की पुढचं काय, म्हणून लोक इकडे वळतात. लेहसारखी उंची नाही, विरळ हवेचा त्रास नाही, दर पाच-दहा किलोमीटरला चहा आणि बन-ऑम्लेट मिळतं, आणि दिवसभर एक तर चिडाच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, जंगलातून चढ नाहीतर नदीकडे उतार. पण हे रस्ते तिथे आले कसे, इतके अरुंद आणि वळणावळणाचे का आहेत, आणि गेल्या सात-आठ वर्षांत त्यांच्या रुंदीवरून एवढी कोर्टबाजी का झाली, हे त्या प्लॅनमध्ये कुठेच नसतं. म्हणून ही पार्श्वभूमी.

फार मागे जायची गरज नाही. १८१५ मध्ये कुमाऊं गोरख्यांकडून इंग्रजांकडे गेलं, आणि सायकलवाल्यांच्या दृष्टीने पुढची कामाची तारीख म्हणजे १८८४, बरेलीहून काठगोदामपर्यंत रेल्वे आली ते साल. गौला नदीतून वाहत आलेलं लाकूड उतरवून घ्यायची ही जागा, नावातच गोदाम. डोंगरात मात्र चाकाचा रस्ता नावालाच होता, बाकी सगळ्या घोडवाटा, आणि ठरावीक टप्प्यांवर डाकबंगले. साहेबाचं सामान डाकबंगल्यापासून डाकबंगल्यापर्यंत गावकऱ्यांनी फुकट वाहायचं, त्याला कुली-बेगार म्हणायचे. जानेवारी १९२१ मध्ये उत्तरायणीच्या जत्रेत बागेश्वरला सरयू आणि गोमतीच्या संगमावर लोकांनी बेगाराच्या नोंदवह्या नदीत फेकून दिल्या आणि तो प्रकार तिथेच संपला. आज बागेश्वरला मुक्काम करणारे सायकलवाले त्याच संगमाच्या घाटावर संध्याकाळी पाय सोडून बसतात, बहुतेकांना ही गोष्ट माहीत नसते.

आता चीड. "ही सगळी झाडं इंग्रजांनी लावली" हे वाक्य प्रत्येक ढाब्यावर ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. चीड इथलाच आहे, साधारण ५०० ते २,००० मीटरच्या मधल्या उन्हाच्या उतारांवर तो आधीपासून होता. इंग्रजांनी केलं ते असं की त्याला झुकतं माप दिलं. आधी त्यांना देवदार आणि सालवृक्ष हवा होता, रेल्वेच्या स्लीपरसाठी, चिडाचं लाकूड लवकर कुजायचं म्हणून त्याला किंमत नव्हती. मग लाकडाला औषध लावून टिकवायची पद्धत आली, पहिल्या महायुद्धाच्या आसपास, आणि त्याच सुमारास लीसा, म्हणजे चिडाचा डिंक, त्यातून टर्पेंटाइन आणि राळ, हा धंदा जोरात आला. झालं, चीड एकदम लाडका. १९११ ते १९१७ मध्ये गावांची जंगलं राखीव केली, बांजच्या (ओकच्या) पट्ट्यातही चीड सरकवला, आणि बांज म्हणजे तिथल्या बायकांचा चारा, सरपण आणि झऱ्याचं पाणी. १९२१ च्याच उन्हाळ्यात लोकांनी ठिकठिकाणी ही राखीव चिडाची जंगलं पेटवली. सरकारला थोडं नमतं घ्यावं लागलं आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे (गावानेच आपलं जंगल सांभाळायच्या समित्या) नियम आले, ज्या आजही आहेत.

लीशाचं काम अजून चालू आहे आणि सायकलवरून ते जितकं जवळून दिसतं तितकं गाडीतून दिसत नाही. चढाला ताशी सहा-सातच्या स्पीडने चाललेलो असतो त्यामुळे प्रत्येक खोड नीट बघून होतं. साल तासून काढलेला उभा पट्टा, त्यावर माशाच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा, खाली खिळ्याला अडकवलेला पेला, त्यात पांढरट घट्ट चिकट लीसा आणि त्यात अडकून मेलेले किडे. बुंध्याचा खालचा भाग बहुतेक झाडांचा काळा पडलेला असतो, जुन्या वणव्यांनी. रस्त्याकडेला लीशाने भरलेले पत्र्याचे डबे रांगेत ठेवलेले दिसतात, ट्रकची वाट बघत. आतल्या बऱ्याच वाटा मुळात याच डब्यांसाठी आणि स्लीपरसाठी निघाल्या, पर्यटनाचा तेव्हा काही संबंध नव्हता.

मोटारीचे मोठे रस्ते मात्र खरे आले ते १९६२ च्या युद्धानंतर. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६० मध्ये, पिथौरागढ, चमोली आणि उत्तरकाशी हे सीमेवरचे जिल्हे वेगळे केले होते, युद्धानंतर तिकडे फौज पोचवायला रस्ते फोडायची घाई झाली. फोडले ते एका ट्रकच्या रुंदीचे. काही ठिकाणी तर गेट सिस्टीम होती, ठरावीक वेळेला खालची वाहनं वर सोडायची, मग वरची खाली, जोशीमठ ते बद्रीनाथ हा प्रकार अगदी अलीकडेपर्यंत चालला. पुढे सत्तरच्या दशकातलं झाडं वाचवायचं चिपको आंदोलन, ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यातून १९८०-८१ च्या सुमारास १,००० मीटरच्या वर हिरवी झाडं तोडायला बंदी. आज अल्मोड्यापुढच्या धौलछीनाच्या चढाला जी सलग उंच झाडं दिसतात त्यात या बंदीचा मोठा वाटा आहे. पण ती बंदी धंद्यासाठीच्या तोडीला होती, रस्त्यासाठी तोडायचं तर वेगळी परवानगी मिळते, आणि पुढचं सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

त्याआधी सायकलबद्दल दोन ओळी. नव्वदच्या दशकापर्यंत डोंगरात सायकल जवळजवळ नव्हतीच, बावीस इंची बिनगियरची काळी सायकल तिथे ढकलायच्याच लायकीची. चढाला हलके पडणारे गियर असलेल्या सायकली परवडायच्या भावात यायला २००५-१० उजाडलं, आणि लॉकडाऊननंतर तर पुण्यात दुकानांत सायकल मिळेना अशी वेळ आली. दुसरीकडे २००० मध्ये उत्तराखंड वेगळं राज्य झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी खेड्यांना जोडायची केंद्राची रस्तायोजना आली, डोंगरी भागात २५० वस्तीचं गावसुद्धा तिच्यात बसत होतं. हे दोन्ही जुळून आलं म्हणून आजचं टूरिंग शक्य आहे असं माझं मत. नकाशावर खोऱ्याखोऱ्यात घुसलेल्या ज्या बारीक रेघा दिसतात त्या बऱ्याचशा याच रस्त्यांच्या. अडचण एकच, त्या गावाला जोडायला काढल्या असल्यामुळे गावात संपतात. पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं तर शेवटचे एक-दोन किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन पायवाटेने, आणि गावातली पोरं मागे मागे.

आता रुंदीचं प्रकरण. डिसेंबर २०१६ मध्ये चारधामच्या रस्त्यांचा मोठा प्रकल्प जाहीर झाला, साधारण ९०० किलोमीटर, १२,००० कोटी. नाव चारधाम असलं तरी त्यात कुमाऊंचा टनकपूर-पिथौरागढ रस्ताही आहे, सुमारे १५० किलोमीटरचा, कारण कैलास-मानसरोवरची वाट आणि चीन-नेपाळची हद्द तिकडे. पहिली मेख म्हणजे एवढा सलग प्रकल्प पन्नासहून जास्त तुकड्यांत दाखवला, प्रत्येक तुकडा १०० किलोमीटरच्या आत, म्हणजे पर्यावरण परिणामांचा पूर्ण अभ्यास करायची गरज पडत नाही. कायद्यात बसत असेल, पण डोंगर काही तुकड्यातुकड्याने घसरत नाही.

दुसरी मेख रुंदीची, आणि इथे बाहेरच्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. मार्च २०१८ मध्ये रस्ते खात्याने स्वतःच परिपत्रक काढलं होतं की डोंगरात या दर्जाच्या रस्त्याची डांबरी रुंदी साडेपाच मीटर पुरे. काम मात्र त्याआधीच्या रुंद मापाने चालू होतं, सात मीटर डांबर आणि वर दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचे पक्के शोल्डर (कडेच्या पट्ट्या), म्हणजे दहा मीटर, आणि गटार, कठडा धरून डोंगर त्याहून जास्त कापायचा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने २०१९ मध्ये समिती नेमली, जुलै २०२० मध्ये समितीत सरळ फूट पडली. बहुमत रुंद रस्त्याच्या बाजूला, अध्यक्ष आणि मोजके लोक साडेपाचच्या बाजूला. सप्टेंबर २०२० मध्ये कोर्ट म्हणालं साडेपाच, तुमचंच परिपत्रक आहे. डिसेंबरमध्ये खात्याने परिपत्रकच बदललं, हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यांना सात मीटर अधिक शोल्डर चालेल म्हणून. मग वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, संरक्षणाची गरज मान्य करून कोर्टाने तीन रस्त्यांना दहा मीटर मंजूर केले, ऋषिकेश-माणा, ऋषिकेश-गंगोत्री आणि आपला टनकपूर-पिथौरागढ. देखरेखीला एक समिती बसवली.

सायकलवाल्यांमध्येही यावर दोन तट आहेत आणि वाद गरम होतो. एक बाजू म्हणते दीड मीटरचा पक्का शोल्डर म्हणजे आयती सायकल लेन, ट्रक अंगावर येत नाही, घरचे लोक निश्चिंत. ऐकायला बरोबर वाटतं. पण चढाला प्रत्यक्षात काय होतं ते बघा, शोल्डरवर टॅक्स्या उभ्या, दुकानांसमोर रेतीचे ढीग, आणि जिथे खरंच मोकळा आहे तिथे ओव्हरटेक करणारी गाडी त्यावरूनच येते, तेही आंधळ्या वळणावर. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर गाडीवाल्याला स्पीड घेताच येत नाही, हॉर्न वाजवतो, मागे मागे येतो, जागा मिळाली की जातो, शिव्या घालतो पण ठोकत नाही. लष्कराला रस्ता हवा हे कोणी नाकारत नाही, पण पावसाळ्यात दरड येऊन तोच रस्ता बंद पडत असेल तर दहा मीटरचा उपयोग फौजेला तरी काय. चंपावत आणि टनकपूरच्या मधला स्वाला हा टप्पा त्यासाठी बदनाम आहे, सप्टेंबर २०२४ च्या पावसात तिथे दिवसेंदिवस वाहतूक अडकली होती. समर्थक म्हणतात दरडी पूर्वीही कोसळायच्या. कोसळायच्या, हिमालय आहे तो. पण पायथ्याशी उभा काप घेतला आणि वर चिडाची मुळं हवेत लोंबकळत ठेवली तर पुढच्या पावसाला काय होणार हे सांगायला इंजिनियर लागत नाही. शिवाय कापलेला मलबा. तो न्यायला ठरवलेल्या जागा असतात, पण कित्येक ठिकाणी सरळ खाली लोटलेला दिसतो, पिथौरागढच्या अलीकडे घाट नावाच्या जागेजवळ सरयूकडे उतरताना उताराच्या कडेने हे पांढरे ओरखडे थेट नदीच्या दिशेने गेलेले दिसतात.

एक गोष्ट मात्र रुंद रस्त्याच्या बाजूने खरी आहे, ॲम्ब्युलन्स. लोहाघाटहून पेशंट हल्द्वानीला न्यायचा तर वाचलेला अर्धा तासही मोठा, आणि तिथल्या लोकांना विचाराल तर बहुतेक जण रस्ता हवाच म्हणतात. आपण आठवडाभर सायकल चालवून परत जाणार, त्यांनी काय करायचं हा प्रश्न रास्त आहे. त्यावर मध्यम रुंदी आणि नीट बांधलेल्या संरक्षक भिंती असं उत्तर समितीतल्या अल्पमताने दिलं होतं, ते बाजूला पडलं.

याचा टूरिंगवर झालेला परिणाम असा की टनकपूर-पिथौरागढ हा पूर्वी हौसेने केला जाणारा टप्पा आता लोक टाळतात किंवा जीपच्या टपावर सायकली बांधून पार करतात. ओघ सरकला अल्मोड्यापलीकडच्या दुय्यम रस्त्यांकडे. अल्मोड्याहून बाडेछीना, धौलछीना करत १,८०० मीटरच्या आसपास चढायचं, मग चिडातून सेराघाटपर्यंत एक हजार मीटर खाली, सरयूच्या काठी, तिथे गरम होतं इतकं की जॅकेट, टोपी सगळं उतरतं, आणि पूल ओलांडला की परत तेवढंच वर बेरीनागला. ताम्हिणी-वरंधा करून आलेल्यांची इथे खरी गोची होते, कारण आपला घाट एकदा चढला की वर पठार असतं, इथे वर गेलं की समोर पुढची नदी. ज्यांना हे झेपत नाही ते अल्मोडा-सोमेश्वर-कौसानी करतात, कोसीच्या कडेकडेने, भाताच्या खाचरांमधून, चढ आहे पण अंगावर येत नाही.

दुसरा बदल सीझनचा. पूर्वी मार्च-एप्रिल ही आवडती वेळ, बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला, हवा कोरडी. पण तेव्हाच पिरूल गळतो, चिडाच्या लांब सुया, रस्त्याच्या कडेला तपकिरी गादी होते आणि वळणावर चाक त्यावर गेलं की ब्रेक लावून उपयोग नाही, सायकल आडवीच. आणि हाच पिरूल पेटतो. वनखात्याच्या हिशेबात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. २०१६ ला मोठे वणवे झाले, २०२४ ला पुन्हा, त्या वर्षी जूनमध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनखात्याचे लोक मेले. त्याच वर्षी सरकारने गावकऱ्यांकडून पिरूल पैसे देऊन विकत घ्यायची मोहीम काढली. पण वणवे लागले की खोरी धुराने भरतात, लांबचं बर्फाचं शिखर सोडा, पलीकडची डोंगरधारसुद्धा दिसत नाही, आणि चढाला तोंडाने श्वास घेणाऱ्याचे हाल होतात. म्हणून आता बहुतेक ग्रुप दसऱ्यानंतर निघतात, पावसाने तुटलेले रस्ते तोवर कामापुरते उघडलेले असतात आणि नद्यांचं पाणी निवळलेलं असतं. दिवस लहान होतात एवढंच, पाचलाच अंधारून येतं, त्यामुळे सेराघाटनंतरचा चढ दुपारी दोनच्या पुढे सुरू करू नका असं तिथले ढाबेवालेच सांगतात.