'स्वतः केलेलं 90 टक्के लक्षात राहतं': हा आकडा आला कुठून?

वर्गात डिजिटल खेळ का हवेत हे पटवताना एक स्लाइड हमखास दाखवतात: वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के आणि स्वतः केलेलं 90 टक्के लक्षात राहतं. खाली नाव असतं अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं. डेल यांनी 1946 मध्ये 'अनुभवाचा शंकू' मांडला हे खरं, पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंतच्या साधनांची ती मांडणी होती. आकडे इतरांनी चिकटवले. इतके गोल आकडे खऱ्या प्रयोगातून सहसा निघत नाहीत, हे पाहताक्षणी खटकायला हवं.

मग खेळ निरुपयोगी? अजिबात नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात, आठवड्यानंतर पाहिलं तेव्हा, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात होता. प्रश्नमंजुषेचा चांगला खेळ हेच करून घेतो. मुलाला उत्तर आठवावं लागतं आणि चूक लगेच कळते. पण अपूर्णांकाच्या खेळात मूल अंदाजाने बटणं दाबत पुढची लेव्हल गाठत असेल, तर 'स्वतः केलं' एवढ्याने काहीच साधत नाही. अशा वेळी शिक्षकांनी खेळ थांबवून 'हे उत्तर का निवडलंस?' असं विचारायलाच हवं.