हुंकाराला हुंकार

मांडीवरचे तान्हे बाळ 'आऽऽ' करते, आई तोच सूर लांबवून त्याला परत देते, आणि क्षणभर थांबून, जणू आपली पाळी आली हे ओळखून, बाळ पुन्हा हुंकार भरते. या खेळाला ना खेळणे लागते ना खर्च, तरी त्यात दोघेही रंगून जातात.

हा प्रतिसाद बाळाला किती हवा असतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रयोगातून कळते. आईने आधी बाळाशी नेहमीसारखे खेळायचे आणि मग काही मिनिटे, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, त्याच्याकडे नुसते पाहत बसायचे. बाळ हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, म्हणजे आजवर ज्याने आई बोलती झाली ते सारे करून पाहते. कशालाच उत्तर मिळत नाही असे दिसल्यावर मात्र मान फिरवते, कित्येकदा रडू लागते. आई तर समोरच बसलेली असते, आणि मला या प्रयोगातले तेच सर्वांत बोलके वाटते.

उत्तर मिळते तेव्हा शरीरही त्यात सामील होते. इस्रायलमधील रूथ फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन महिन्यांची बाळे व त्यांच्या आया समोरासमोर खेळत असताना दोघांच्या हृदयाचे ठोके नोंदवले. त्यांच्या लयी एका सेकंदाहूनही कमी अंतराने जुळत होत्या, आणि आवाजाचा व भावांचा मेळ बसलेल्या क्षणी ही जुळणी वाढत होती. त्याच चमूच्या २०१० च्या अभ्यासात ८० जोडप्यांची तपासणी झाली, तेव्हा वडिलांमधील ऑक्सिटोसिन या, माया-जिव्हाळ्याशी निगडित संप्रेरकाची पातळी आईइतकीच आढळली. आईच्या बाबतीत या पातळीचा संबंध कुरवाळण्याशी, तर वडिलांच्या बाबतीत दंगामस्तीच्या खेळाशी दिसला.

यावरून आईवडिलांनी क्षणोक्षणी बाळाकडे डोळे लावून बसावे, असा अर्थ कोणी काढू नये. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणानुसार, अगदी सुखाच्या खेळातही आई आणि बाळ यांचा सूर साधारण ३० टक्के वेळच जुळलेला असतो. उरलेला वेळ चुकण्याचा आणि पुन्हा जुळवून घेण्याचा असतो: बाळ तोंड फिरवते, आई थांबते, थोड्या वेळाने बाळच वळून तिच्याकडे पाहते. तुटलेला धागा परत जोडता येतो, हे बाळाला याच वेळात कळत जाते. दमलेल्या पालकांना हे कोणी आवर्जून सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद असेल तर पडदाही फारसा आड येत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुले थेट व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदे समोरासमोर शिकावीत तशीच शिकली, पण ध्वनिचित्रमुद्रण पाहून शिकली नाहीत. पुण्यातली आजी न्यू जर्सीतल्या नातीला फोनवर 'कुक्' करते, नात पदराआड लपावे तशी उशीआड लपते, आणि ती बाहेर डोकावेपर्यंत आजी वाट पाहत थांबते.