एकच ज, जागा दोन

वरूड-मोर्शीकडच्या संत्र्यावर हिंदीत व्हिडिओ करायचा, म्हणजे मध्य प्रदेशातल्या बैतूल-पांढुर्ण्याचे बागायतदारही बघतील. माहिती चोख असते, पण निवेदकाने ‘जड़ सड़न’ (मूळकूज) म्हटलं की पहिल्याच शब्दाला ऐकणारा ओळखतो, हा मराठी माणूस. मग जीभ जड असल्याचा ठपका, लहानपणी वेखंड चाटवलं नसेल ही टिप्पणी. वेखंडाचा उच्चाराशी काही संबंध नाही. घोळ वाचण्यात आहे.

मराठीत च, ज, झ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार असतात. ‘चार पेंढ्या चारा’ म्हणून बघा. ‘चार’ला जिभेचा पसरट भाग टाळूला लागतो, ‘चारा’ला टोक वरच्या दातांमागे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘सुखाने जग’ यांतही तेच. हिंदीला फक्त टाळूचा च-ज ठाऊक. लिपी एकच असल्याने कागदावर ‘जड़’ दिसली की मराठी डोळा आपली ‘जड’ वाचतो. ‘जाना’, ‘चना’, ‘कचरा’, ‘खर्चा’ सगळे याच वाटेने जातात.

फरक कानाला इतका का टोचतो? नळाखाली घागर भरताना आवाज चढत जातो, कारण वरची हवेची जागा कमी होत जाते. तोंडातही जीभ अडते तिथून ओठांपर्यंत अशीच एक पोकळी असते, मागून बंद, पुढून उघडी. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट लहर सर्वांत जोरात घुमते. जीभ दातांमागे असली की पोकळी साधारण दीड सेंटीमीटर, लहर ६ सेंटीमीटर. तोंडातल्या उबदार हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे घर्षणाचा आवाज ५,८०० हर्ट्झच्या आसपास. जीभ मागे नेऊन पोकळी ३ सेंटीमीटर केली तर २,९००. खरं तोंड सरळ नळी नसतं, पण हिशेब फार चुकत नाही. ज मध्ये कंठाचा नाद मिसळतो एवढंच. जुन्या फोन कॉलमध्ये ३,४०० हर्ट्झच्या वरचं कापलं जायचं, म्हणून ही खोड लपायची. रेकॉर्डिंगमध्ये लपत नाही.

‘डी-एसर’ (रेकॉर्डिंगमधला टोचरा सीत्कार कमी करणारं साधन) लावून ती खोड जात नाही. तो वरचा पट्टा दाबतो, टोचणं कमी होतं, पण दातांमागचा ज टाळूवर जात नाही. ‘एका क्लिकमध्ये शुद्ध हिंदी’वाल्या ॲपच्या नादी तर लागूच नका.

उपाय मराठीतच आहे. इ-ए आधी आपला च-ज आपोआप टाळूवर जातो: चिखल, जेवण. म्हणून ‘जड़’साठी आधी ‘जि’ म्हणा, जीभ तिथेच धरून ‘अड़’कडे या. दहा-बारा वेळा म्हणताना इ आखूड करत न्या. इ शिल्लक राहिली तर ‘ज्यड़’ ऐकू येतं, ही नेहमीची चूक.

संहितेत असे च-ज-झ गोल करून ठेवा. नुक्ता (अक्षराखालचं टिंब) देऊ नका, हिंदीत ‘ज़’ हा वेगळा आवाज आहे. गंमत अशी की ‘ज़मीन’, ‘हज़ार’, ‘बाज़ार’मध्ये आपला दातांमागचा ज त्याच्या बराच जवळ जातो, छापणाऱ्याने नुक्ता गाळला असला तरी. ते शब्द गोल करू नका.

माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला, नाहीतर च-छचा फुत्कार थेट आदळतो. टिनाखाली बसायचं असेल तर समोर आणि मागे कापसाची गादी उभी करा. अंड्याचे ट्रे चिकटवून घुमणं जात नाही. पंखा बंद. एक परिच्छेद झाला की थांबून हेडफोनवर फक्त गोल केलेले शब्द ऐका, चुकला तर पूर्ण वाक्य पुन्हा म्हणा. एकटा शब्द नंतर चिकटवला की त्याची पट्टी जुळत नाही.