अंगठीतून साडी गेली, म्हणून ती रेशमी ठरत नाही

लग्नसराई जवळ आली की मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. साडीचं टोक अंगठीत घालतात, दुसऱ्या बाजूने ओढतात, अख्खी साडी सरसर बाहेर येते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘अस्सल रेशमाची ओळख’. ही परीक्षा रेशमाची नाही, भूमितीची आहे.

हिशेब करून पाहा. पन्हा ११५ सेंटिमीटर आणि कापडाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली, तर गोळा केलेल्या कापडाला लागणारी जागा ११५० × ०.१, म्हणजे ११५ चौरस मिलिमीटर. आतला व्यास १७ मिलिमीटर असलेल्या अंगठीचं भोक सुमारे २२७ चौरस मिलिमीटरचं. जवळजवळ निम्मी जागा रिकामीच राहते! पातळ पॉलिएस्टर जॉर्जेटही तिथून सुळकन जाईल. ७० सेंटिमीटर पन्ह्याचा झिरझिरीत स्टोल कशाचाही असो, जाईलच. उलट कापड ०.३ मिलिमीटर जाड असेल तर ३४५ चौरस मिलिमीटर हवेत. भरगच्च जरीच्या पदराची अस्सल साडी अडकणार आणि जोर लावला तर जरीचे धागे तुटणार.

चकाकीवरही जाऊ नका. तुतीच्या रेशमाचा तंतू आडवा कापला तर छेद गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा दिसतो. त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून ती झळाळी. कारखान्यांनी हा आकार कधीच उचलला आहे. तीन पाकळ्यांच्या छेदाचं पॉलिएस्टर तसंच चमकतं. नक्कल करता येत नाही ती रेणूची.

रेशीम हे प्रथिन आहे. कोशातल्या तंतूत फायब्रॉइनचे दोन धागे असतात आणि त्यांना चिकटवणारा सेरिसिन नावाचा डिंक. फायब्रॉइनची मुख्य साखळी पाच हजारांहून अधिक अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या मण्यांची. तिच्या मोठ्या भागात ग्लायसिन-अ‍ॅलानिन-ग्लायसिन-अ‍ॅलानिन-ग्लायसिन-सेरिन हीच माळ पुन्हापुन्हा येते. एकाआड एक ग्लायसिन येण्यात खरी गंमत आहे. त्याची बाजूची शाखा म्हणजे हायड्रोजनचा एक अणू, सगळ्यांत लहान. साखळ्या ताणलेल्या अवस्थेत शेजारीशेजारी बसतात आणि हायड्रोजन बंधांनी जोडल्या जाऊन त्यांचे पापुद्रे होतात, त्यांना बीटा पापुद्रे म्हणतात. प्रत्येक पापुद्र्याच्या एका अंगाला फक्त ग्लायसिनचे हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला अ‍ॅलानिन आणि सेरिनच्या शाखा. मार्श, कोरी आणि पॉलिंग यांनी १९५५ साली मांडलेल्या रचनेत ग्लायसिनची अंगं समोरासमोर येतात तिथे दोन पापुद्र्यांत सुमारे ०.३५ नॅनोमीटर अंतर राहतं. दुसऱ्या बाजूंना सुमारे ०.५७. इतक्या दाट रचणीमुळे धागा मजबूत होतो. साखळ्या आधीच ताणलेल्या असल्याने तो लोकरीइतका लांबत नाही. या दाट रचणीच्या भागांच्या, म्हणजे स्फटिकांच्या, अधेमधे मात्र साखळ्या विस्कळीत असतात. तिथे पाणी शिरतं, हायड्रोजन बंध सैल करतं आणि ओलं रेशीम कमकुवत होतं. साडी पिळायची नसते ती यासाठी.

तापवल्यावर हा रेणू वितळत नाही. वितळण्याआधीच विघटित होतो. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास पातळ होतं. जाळून पाहण्याची परीक्षा या फरकावर उभी आहे, पण ती नीट करायला हवी. कापडाचा तुकडा कापू नका. पदराच्या दशांमधून ताण्याचे (उभे) दोन-तीन धागे काढा, बाण्याचे (आडवे) वेगळे काढा. जरीचा धागा घेऊ नका. चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून ज्योतीजवळ न्या. रेशीम आक्रसतं, हळू जळतं, ज्योत काढली की बहुधा विझतं. जळक्या केसांसारखा वास येतो आणि काळी गुठळी चिमटीत चुरली की भुकटी होते. पॉलिएस्टरची गोळी कडक राहते, चुरत नाही. व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, कागदासारखा भुरभुर जळतो. ताणा पॉलिएस्टरचा आणि बाणा रेशमाचा, अशी सरमिसळ सर्रास होते, म्हणून दोन्ही धागे वेगवेगळे तपासायचे. राख धाग्याच्याच आकारात सांगाड्यासारखी उरली, तर वजन वाढवायला रेशमावर धातूचे क्षार चढवले असल्याचा संशय घ्या.

दुसरी परीक्षा घरगुती ब्लीचची, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटची. काचेच्या वाटीत थोडं ब्लीच घेऊन धागा बुडवा. रेशीम काही मिनिटांत विरघळतं, कारण प्रथिनाची साखळीच तुटते. सूत, व्हिस्कोज, पॉलिएस्टर तसेच राहतात. लोकरही विरघळते, एवढं ध्यानात ठेवा. खिडकी उघडी असू द्या आणि ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल पडू देऊ नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता डिंकाकडे. रंगवण्याआधी तो काढून टाकावा लागतो. सेरिसिन कच्च्या रेशमाच्या वजनाचा साधारण पाव भाग असतं, म्हणजे किलोभर कच्चं रेशीम उकळल्यावर पाऊण किलोच्या आसपास उरतं. त्यात पाणी धरणारी सेरिनसारखी अमिनो आम्लं भरपूर, म्हणून ते साबण-सोड्याच्या गरम पाण्यात निघतं. तापमान ९५ अंशांच्या आसपास, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ९ ते १०. सामू ११ च्या पुढे गेला तर फायब्रॉइनही झिजतं आणि धाग्यावर लव उठते. पाणी जड (क्षारयुक्त) असेल तर कॅल्शियमचा साबण धाग्यावर बसतो आणि रंग डागाळतो. डिंक अर्धवट राहिला तर रंग पट्ट्यापट्ट्यांनी चढतो. टसर या रानटी रेशमाचा डिंक तुलनेने कमी, पण त्यात टॅनिन असल्यामुळे तो सुटायला जास्त चिवट.

रेशीम ‘नकारात्मक ऊर्जा शोषतं’ असंही हल्ली विकताना सांगतात. ते शोषतं ती हवेतली आर्द्रता, स्वतःच्या वजनाच्या सुमारे ११ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही.

लेबलांतही घोळ नको. ‘सिल्क मार्क’ हा केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झाला. तो रेशमाची शुद्धता सांगतो, हातमागाची नाही. हातमागासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ वेगळा आहे. पैठणी घेताना पदर उलटा करून पाहा. हातमागावर बाण्याचे रंगीत धागे नक्षीपुरतेच फिरवून एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले दिसत असतील, तर ते जकार्डवरचं, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या यंत्रणेचं, काम आहे, पारंपरिक पैठणीचं विणकाम नव्हे. धागा मात्र तरीही शंभर टक्के रेशमी असू शकतो.