वाळू की रांगोळी? कोल्हापुरातल्या सामूहिक वाळूचित्रांची पार्श्वभूमी

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने लिहिलेल्या ग्रंथात 'धूलिचित्र', म्हणजे भुकटीने काढलेलं चित्र, हा चित्राचा एक प्रकार म्हणून येतो. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा याच चालुक्यांचे मांडलिक होते. पुढे पंतोजींच्या शाळेत धूळपाटी आली: अक्षर गिरवायचं, हाताने पुसायचं, पुन्हा गिरवायचं.

गटाने एकत्र बसून वाळूचित्रं काढायच्या आजच्या उपक्रमांचा उगम मात्र अलीकडचा. २००९ साली युक्रेनमधल्या एका टीव्ही स्पर्धेत एका तरुणीने खालून उजेड सोडलेल्या काचेवर वाळू पसरून महायुद्धाची कहाणी उभी केली. ती चित्रफीत जगभर फिरली. मग आपल्याकडच्या रिअॅलिटी शोमध्ये आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतही अशा काचा दिसू लागल्या. त्याआधी वाळूची कला म्हटलं की पुरीच्या किनाऱ्यावरची शिल्पंच आठवायची. ओल्या वाळूचं ते काम कोल्हापूरला समुद्राअभावी परकंच राहिलं.

इथे रुजली होती ती रांगोळी. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर दिव्यांसोबत ठिकठिकाणच्या मंडळांच्या रांगोळ्या असतात. त्यामुळे वाळूचित्र आलं तेही रांगोळीच्याच घरात, आणि तिथेच शब्दांचा गुंता झाला. रंगीत रांगोळी कागदावर डिंकाने चिकटवली तरी 'सँड आर्ट', ट्रेमधल्या वाळूत बोटं फिरवली तरी 'सँड आर्ट'. साहित्य आणायची वेळ आली की कोणीतरी म्हणतं, रांगोळीच आणा, स्वस्त पडते.

माझ्या मते गटांनी घेतलेला सर्वांत महागडा निर्णय हाच. रांगोळी चिमटीतून सुटते, वाळू मुठीतून. चिमटीला सराव लागतो. ज्यांच्या हाताला कंप आहे असे आजोबा, बोटांवर अजून ताबा न आलेली मुलं, 'मला चित्र येत नाही' म्हणून मागे बसणाऱ्या बचत गटातल्या मावशी, हे सगळे चिमटीपाशीच अडतात. मुठीपाशी कोणी अडत नाही. चुकलं तर तळवा फिरवायचा, की पाटी कोरी. रांगोळीची चुकलेली रेघ झाडावी लागते आणि तिची बारीक पूड पंख्याखाली नाकातोंडात जाते. दोन्ही साहित्यांना एकच नाव दिल्याने हा फरक दिसेनासा होतो आणि ज्यांच्यासाठी उपक्रम घ्यायचा तेच प्रेक्षक होऊन बसतात.

वाळू मिळेनाशी झाली हेही खरं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंजुरीशिवाय होणाऱ्या वाळूउपशाला चाप लावला. नद्यांसाठी ते आवश्यकच होतं. बांधकामं क्रश सँडकडे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूकडे वळली. आपल्या भागातली ही वाळू काळ्या पाषाणाची, टोकदार आणि धुरळा असलेली. बांधकामात तिच्यातली १५० मायक्रॉनखालची (०.१५ मिलिमीटरहून बारीक) भुकटी २० टक्क्यांपर्यंत चालते. लहान मुलाच्या ट्रेमध्ये ती चालवू नये.

पण गटाला काही ब्रासने वाळू लागत नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आठ-दहा जणांच्या ट्रेंना दोन-तीन घमेली पुरतात. परवान्याने आणलेली नदीची वाळू बांधकामावरून मागून घ्यायची, मैद्याच्या चाळणीतून चाळायची, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, उन्हात सुकवायची. मग झाकणाच्या डब्यात भरून ठेवली की तीच वाळू पुढच्या गटालाही चालते.